रविवारचे श्रमदान: स्मोकबॉक्सची सफाई

सर्व सदस्यांना कळवण्यात येते की येत्या रविवारी सकाळी ७ वाजता शेडवर जुन्या वाफेच्या इंजिनाच्या सफाईचं काम सुरू होईल. कडबी चौकात पावणेसातला जमावे, तिथून सगळे सोबत निघू. ऑक्टोबरचं ऊन लवकर तापतं, म्हणून ११ च्या आत आवरायचं आहे.

या वेळी स्मोकबॉक्स, म्हणजे बॉयलरच्या पुढच्या टोकाचा धूर-राख जमणारा कप्पा, आधी घेऊ. तिथे साचलेल्या राखेत गंधक असतं. पावसाळ्यात ती ओल धरते, आम्ल तयार होतं आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरून रंग कितीही चकाकला तरी इंजिन असंच मरतं. राख पूर्ण काढून, कोरडं करून मगच रंगाचा विचार.

जुना रंग कोरडा घासू नये, त्यात शिसं असू शकतं. पाणी लावूनच घासा. बॉयलरभोवतीच्या जुन्या आवरणाला कोणीही हात लावायचा नाही, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता आहे. कनेक्टिंग रॉडवर (चाकं फिरवणाऱ्या दांड्यावर) रंग नको, ग्रीस लावायचं. रॉडवर ठोकलेले आकडे मात्र जपा. कोणता भाग मूळचा कोणत्या इंजिनाचा, हे त्यावरूनच कळतं.

नागपूर-नागभीड नॅरोगेज २०१९ मध्ये बंद झाली. अडीच फुटी रुळांवर ज्यांनी हयात घालवली, असे निवृत्त फिटर, ड्रायव्हर काका ओळखीत असतील तर त्यांना आग्रहाने घेऊन या. त्यांच्यासाठी खुर्च्या सावलीत ठेवू.

मास्क, हातमोजे, जाड बूट आवश्यक. चहा-पोह्यांची सोय आहे. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव कळवावे.