पायाच्या स्टेंटचा भाव पण ठरवा साहेब

मा. केंद्रीय रसायने व खते मंत्री,
भारत सरकार

नमस्कार साहेब,

पत्र आरोग्यमंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहून राहिलो, कारण औषधं आणि स्टेंटचे (बंद पडलेली रक्तवाहिनी उघडी ठेवायला आत टाकतात ती जाळीदार नळी) भाव ठरवणारं एनपीपीए, म्हणजे राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण, तुमच्या खात्यात येतं. बऱ्याच लोकांना हे माहीतच नसतं.

मी नागपुरात एका प्रायव्हेट हॉस्पिटलच्या कॅथलॅबमध्ये, म्हणजे जिथं वायर-बलून टाकून बंद रक्तवाहिन्या उघडतात तिथं, टेक्निशियन आहे. आमच्याकडे हार्टसोबत पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडलेले पेशंटही येतात, चंद्रपूर, गोंदिया, गडचिरोली, तिकडून बालाघाट-छिंदवाड्याचे पण. बहुतेक शुगरवाले, नाहीतर वर्षानुवर्षं बिडी ओढलेले. थोडं चाललं की पोटरी भरून येते, थांबलं की बरं वाटतं, घरचे म्हणतात वात आहे, कोणी सायटिका म्हणतं, मालिश सुरू होते, आणि शुगरवाल्याच्या तर पायाला संवेदनाच कमी झालेली असते म्हणून दुखतही नाही, डायरेक्ट अंगठा काळा पडल्यावर धावपळ सुरू होते. तेव्हा रक्त लवकर पोचलं नाही तर पाय कापावा लागतो. हे सगळं होईपर्यंत घरातला पैसा आधीच संपलेला असतो.

१३ फेब्रुवारी २०१७ ला सरकारनं हार्टच्या स्टेंटचा कमाल भाव ठरवला, साधा ७,२६० रुपये आणि औषधाचा लेप असलेला, म्हणजे औषधवाला, २९,६००, त्याच्या आधी हाच औषधवाला लाखाच्या वर विकला जायचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटचा भाव बांधला. दोन्ही वेळी सामान्य माणसाला खरंच मोठा आधार झाला. पण त्याच गुडघ्यामागून जी रक्तवाहिनी खाली पायात जाते तिच्यात टाकायच्या स्टेंटला आजही अशी मर्यादा नाही. २०२० पासून वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त एमआरपी वाढवता येत नाही हे खरं, पण पहिली एमआरपी कंपनीच ठरवते, मग तो नियम पेशंटच्या किती कामाचा?

आणि हार्टचा स्वस्त स्टेंट पायात टाकून भागत नाही. मांडीतली रक्तवाहिनी प्रत्येक पावलाला वाकते, पिळते, दाबली जाते, तिथं हार्टवाला चेपून जाईल. तिथं निकेल-टायटॅनियमचा नायटिनॉल स्टेंट लागतो, जो दबला तरी परत आपल्या आकारात येतो. लांबीही बघा, हार्टमध्ये दोन-चार सेंटिमीटरचा चालतो, मांडीत ब्लॉकेज लांब असलं तर १५ सेंटिमीटरचा लागतो, कधी एकाला एक जोडून दोन. वरून रक्तवाहिनी फुगवून उघडायचा बलून, वायर, आणि ते सगळं आत न्यायची नळी म्हणजे शीथ. औषधवाला बलून घेतला तर बिल अजून फुगतं, आणि त्यालाही मर्यादा नाही.

सगळ्यांना स्टेंट टाका असं मी म्हणून नाही राहिलो. नुसती पोटरी दुखते त्याला आधी तंबाखू सोडायला लावायची, गोळ्या द्यायच्या, रोज चालवायचं, कितीतरी लोक तेवढ्यानं सुधारतात. गुडघ्याखाली तर बहुतेक वेळा बलूनवरच काम होतं. पण ज्या वस्तूत मार्जिन जास्त ती गरज नसताना वापरायचा मोह पण जास्त, म्हणून भाव बांधला तर जास्तीच्या स्टेंटिंगलाही थोडा लगाम बसेल असं मला मनापासून वाटतं.

कंपन्या म्हणतील चांगला माल येणार नाही. २०१७ ला पण हेच म्हणत होत्या, हार्टचे औषधवाले स्टेंट आजही आम्ही रोज वापरतो.

तेव्हा सरकारनं औषध किंमत नियंत्रण आदेश २०१३ मधला परिच्छेद १९ वापरला होता, जनहितासाठी भाव ठरवायचा अधिकार त्यात आहे. तोच परिच्छेद पायाच्या स्टेंटला आणि औषधवाल्या बलूनला लावा, ही माझी विनंती. आणि एक लहानशी गोष्ट साहेब, प्रत्येक स्टेंटच्या डब्यासोबत लॉट नंबरचं स्टिकर येतं, ते आणि डब्यावरची एमआरपी पेशंटच्या बिलावर लागलीच पाहिजे असा आदेश काढा. बऱ्याच बिलांवर नुसतं ‘इम्प्लांट चार्जेस’ लिहून मोकळे होतात, मग सोबत आलेला पोरगा विचारणार तरी काय आणि कोणाला?

आपला,
एक कॅथलॅब टेक्निशियन, नागपूर