फाइल आता तुझ्या हाती

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, उपचारांतला शेवटचा लांब टप्पा म्हणजे मेंटेनन्स. त्याची शेवटची गोळी झाली. पेढे वाटू, आजीचा नवसही फेडू. पण ‘उपचार संपले’ आणि ‘बरा झाला’ यांत डॉक्टर फरक करतात, तो तूही कर. ल्युकेमिया परतायचाच असेल तर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांतच परततो. म्हणून सुरुवातीला जवळजवळ दर महिन्याला बोलावतील आणि मग हळूहळू अंतर वाढवतील. रक्त आणि तपासणी ठीक असली की बोन मॅरो (हाडातल्या मगजाची तपासणी) पुन्हापुन्हा करत नाहीत, तेव्हा ‘का करत नाहीत’ म्हणून घाबरू नकोस.

आधी गोळ्यांचा डबा रिकामा कर. मर्कॅप्टोप्युरिन रोजची होती, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाची. उरलेली मेथोट्रेक्सेट घरात कुणी चुकून रोज घेतली तर तोंडभर फोड येतात, रक्तपेशी कोसळतात, जीवही जाऊ शकतो. संधिवातालाही हीच गोळी देतात, त्यामुळे मोठ्या माणसांच्या औषधांत ती सहज मिसळते. बेसिनमध्ये टाकू नकोस, रुग्णालयाच्या औषधालयात परत दे. कोट्रायमोक्साझोल मात्र चालूच राहील. ती कॅन्सरवर नाही, फुप्फुसाच्या एका खास न्यूमोनियापासून वाचवण्यासाठी आहे. केमो थांबली म्हणून प्रतिकारशक्ती दुसऱ्या दिवशी परत येत नाही, सहा महिने ते वर्ष जातं. ती गोळी डॉक्टर सांगतील तेव्हाच बंद करायची.

म्हणून तापाचा नियमही तोच. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, किंवा थंडी वाजून अंग थरथरणं : रात्री दोन वाजले असले तरी निघायचं. आधी पॅरासिटामॉल घेऊन ‘बघू उतरतो का’ असं करायचं नाही. ताप झाकला जातो, आतला संसर्ग वाढत राहतो. पोर्ट, म्हणजे शिरेतून औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेली डबी, आहे तोवर तर अजिबातच नाही. पोर्टमध्ये जंतू बसले असतील तर फ्लश केल्यावर, म्हणजे सलाइन सोडून नळी साफ केल्यावर, तासाभरात हुडहुडी भरते.

काउंट, म्हणजे रक्तपेशींचे आकडे, आता वर जातील. मेंटेनन्समध्ये न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) मुद्दाम साधारण ५०० ते १५०० दरम्यान ठेवत होते, त्यामुळे नॉर्मल आकडा तुला ‘खूप वाढलेला’ वाटेल. साध्या सर्दीनंही आकडे हलतात. रिपोर्ट मोबाइलवर आल्याआल्या रात्री नेटवर शोधत बसू नकोस.

लक्ष ठेवायचं ते इथे : आपोआप उठणारे निळे डाग, हिरड्यांतून रक्त, न हटणारं हाडांचं दुखणं, सकाळी उठल्यावर डोकं दुखून उलटी. आणि एक गोष्ट संकोच सोडून लिहितो. महिन्यातून एकदा अंघोळीच्या वेळी वृषण हाताने तपास. न दुखता आलेली सूज किंवा टणकपणा जाणवला तर लगेच सांग. हा आजार तिथे दडून परतू शकतो. खुबा दुखला, लंगडत चाललास तरी सांग. उपचारांतल्या स्टेरॉइडमुळे तुझ्या वयाच्या मुलांत खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडू शकतो.

लशी साधारण सहा महिन्यांनी पुन्हा सुरू होतात. गोवर, कांजिण्यांसारख्या जिवंत जंतूंच्या लशी डॉक्टर म्हणतील तेव्हाच. वर्गात कुणाला कांजिण्या निघाल्या तर त्याच दिवशी फोन कर, कारण बचावाचं औषध पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतं.

आता फाइल. डिस्चार्ज कार्डांचा गठ्ठा म्हणजे फाइल नव्हे. एका पानाचा सारांश मागून घे : निदानाची तारीख, प्रोटोकॉल (उपचारांचा ठरलेला आराखडा), रेडिएशन दिलं का आणि कुठे, आणि डॉक्सोरुबिसिन-डॉनोरुबिसिन या केमोच्या औषधांचा एकूण डोस, चौरस मीटरमागे किती मिलिग्रॅम. ही औषधं हृदयावर पुढे वीस वर्षांनीही परिणाम दाखवू शकतात. २५०च्या वर गेलं असेल तर धोका बराच वाढतो, इको (हृदयाची सोनोग्राफी) जास्त वेळा लागतो. तू उद्या दुसऱ्या गावी शिकायला जाशील, तिथल्या डॉक्टरला हे तूच सांगायचंस. आई-बाबांना विचारा म्हणून चालणार नाही. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१पासून वेगळं क्लिनिक आहे, ते याचसाठी.

गुरुवारी पोर्ट काढायचा आहे. भूल देणार, तेव्हा खाणं मध्यरात्रीपासून बंद. पाण्याची वेळ भूलतज्ज्ञ सांगतील. पुढून बटणांचा शर्ट घाल, टी-शर्ट डोक्यावरून काढताना टाके ओढतात.

तुझे बाबा