कागदाची फेल्ट आणि विमानाचे पाते

महोदय,

अमेरिकेत १८९५ साली सुरू झालेली ऑल्बनी इंटरनॅशनल कंपनी कागद कारखान्यांसाठी फेल्ट (ओल्या कागदाबरोबर यंत्रात फिरणारे कापड) विणते आणि जेट इंजिनाचे भागही बनवते. हे दोन वेगळे धंदे आहेत, असा समज दिसतो. तो चुकीचा आहे. मूळ कौशल्य एकच, विणकाम.

फेल्ट म्हणजे जाड घोंगडी नव्हे. नायलॉनच्या धाग्यांचे पायाकापड विणतात, त्यावर तंतूंचा थर सुयांनी ठोकून बसवतात. प्रेसमध्ये, म्हणजे ओला कागद रोलरांमध्ये दाबला जातो तिथे, कागदातले पाणी हीच फेल्ट ओढून घेते. तिथे कोरडेपणा एक टक्का वाढला, तर पुढे वाळवताना साधारण चार टक्के वाफ वाचते. रद्दीपासून कागद करताना त्यातला चिकटा आणि भरणद्रव्य (कागदात मिसळलेली खनिज भुकटी) फेल्टच्या छिद्रांत अडकते. फेल्ट धुणारा फवारा किंवा तिच्यातले पाणी ओढणारे सक्शन कमी पडले की कागदावर ओले पट्टे उमटतात. फेल्ट लवकर बदलावी लागते ती बहुधा यामुळेच, तिच्या दर्जामुळे नव्हे.

प्रवासी विमानांच्या 'लीप' या जेट इंजिनाची १८ पंखपाती (पुढच्या पंख्याची पाती) ही कंपनी साफ्रान या फ्रेंच कंपनीबरोबर बनवते. कार्बनचे थर नुसते एकावर एक चिकटवले, तर पक्ष्याच्या धडकेने ते सुटू शकतात. म्हणून जॅकार्ड मागावर (यात प्रत्येक ताण्याचा धागा वेगळा उचलता येतो) धागे थरांच्या आरपारही विणतात. मग ते विणलेले रूप साच्यात ठेवून दाबाने रेझिन (घट्ट होणारा राळेसारखा द्रव) भरतात. हवा अडकली, तर आत पोकळी राहते आणि पाते बाद होते. कडेला टायटॅनियमची पट्टी असते.

आपल्या वस्त्र अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात तांत्रिक विणकामाला भरपूर तास हवेत.

– एक वाचक, इचलकरंजी