बरे दिवसच जास्त महाग पडतात

संपादक महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीत पोटाच्या विकारांवर अधूनमधून लेख येतात. मी ते आवर्जून वाचते, पण अपचन, गॅसेस आणि बद्धकोष्ठता यांच्यापुढे लेख सरकत नाही. मला गेली अकरा वर्षे अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. यात मोठ्या आतड्याचे आतले अस्तर सुजते, त्याला व्रण पडतात. सुरुवात गुदाशयापासून होते आणि दुखणे वर सरकत जाऊ शकते. क्रोन्स हा याचाच चुलतभाऊ, तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही मुक्काम ठोकतो. दोन्हींवर औषधे आहेत, पण रोग मुळासकट उपटणारे औषध अजून निघालेले नाही. ‘खाण्यापिण्याची हेळसांड केलीस म्हणून झालं’ असे ऐकवणारेही भेटतात. त्यांच्यासाठी वेगळे पत्र लिहावे लागेल.

आज लिहायचे आहे ते खर्चाबद्दल. रोग उफाळला की दिवसातून पंधरा वेळा पळापळ, रक्त, कळा, मग रुग्णालय. तेव्हा खर्च होणार हे कुणालाही कळते, घरचे धावतात, पैसे कुठून ना कुठून उभे राहतात. खरी ओढाताण बऱ्या दिवसांत असते. रोग शांत असतो तो औषध चालू असते म्हणून. रोजच्या गोळ्या, ठरावीक काळाने रक्त तपासणे, सूज कळावी म्हणून विष्ठेतले कॅलप्रोटेक्टिन तपासणे आणि आजाराला आठेक वर्षे झाली की कर्करोगाची सुरुवात तर नाही ना, हे बघायला ठरल्या अंतराने कोलोनोस्कोपी. हे सगळे धडधाकट दिसणाऱ्या बाईसाठी. ‘आता बरी आहेस ना, मग गोळ्या कशाला?’ असे घरातली वडीलधारी माणसे विचारतात. खरे सांगायचे तर महिनाअखेरीला मीही स्वतःला तेच विचारलेले आहे.

चार वर्षांपूर्वी नोकरी सुटली, तेव्हा मी मेसालामाइनच्या, म्हणजे सूज दाबून ठेवणाऱ्या माझ्या रोजच्या गोळ्या कापून अर्ध्या घ्यायला लागले. सुरीखाली तांबूस कवच तडकायचे आणि आतली फिकट भुकटी ताटलीत सांडायची. तीही मी बोटाने टिपून घ्यायची. ते कवच रंगापुरते नसते, हे मला डॉक्टरांनी फार उशिरा सांगितले. जठराच्या आम्लात ते विरघळत नाही, पुढे आतड्यात पोचल्यावर विरघळते, म्हणून औषध दुखऱ्या जागी जाते. कवच फोडले की औषध वरच सुटते. म्हणजे अर्धी गोळी वाचवताना मी उरलेली अर्धीही वाया घालवत होते. दोनेक महिन्यांत रक्त पडू लागले.

मग प्रेडनिसोलोन. इतके स्वस्त औषध या आजारात दुसरे नसेल. सूज झपाट्याने उतरते, म्हणून माणूस त्याच्या प्रेमात पडतो. पण चेहरा फुगतो, झोप उडते, साखर चढते आणि फार काळ चालले तर हाडे ठिसूळ होतात. म्हणून ते कायम घ्यायचे औषध नव्हे. परवडत नाही म्हणून पुन्हा पुन्हा त्याच्याचकडे वळणारे रुग्ण मला दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेले भेटतात.

आता माझ्यापुढे इन्फ्लिक्सिमॅब या शिरेतून द्यायच्या महागड्या औषधाचा पर्याय आला आहे. अमेरिकेत 1998 मध्ये क्रोन्ससाठी त्याला पहिली मंजुरी मिळाली. पुढे कोलायटिसमध्येही ते वापरात आले. पहिली मात्रा, मग दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, त्यानंतर दर आठ आठवड्यांनी शिरेतून. मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे प्रकृती सुधारून वजन वाढले तर बिलही वाढू शकते! मूळ औषधाशी मिळतीजुळती बायोसिमिलर औषधे आल्यापासून किमती उतरल्या, तरी दर आठ आठवड्यांनी पैसे उभे करायचेच. कर्जाचा हप्ता चुकला तर दंड भरून गाडी रुळावर येते. इथे मोठा खंड पडला तर शरीर औषधाविरुद्धच प्रतिपिंडे तयार करू शकते आणि पुन्हा सुरू केल्यावर ते लागू पडेलच असे नाही. सुरू करण्याआधी मी बिचकते आहे ती सुईला नव्हे.

माझा विमा मी दाखल झाले की जागा होतो. दाखल व्हायची वेळ येऊ नये म्हणून वर्षभर घेतलेल्या गोळ्या मात्र माझ्या पदरच्या. विमा कंपन्यांचा हिशेब मला समजत नाही, पण या हिशेबात त्यांचाही तोटाच दिसतो.

डॉक्टरांनाही एक विनंती. ‘हे परवडेल का?’ एवढे पहिल्याच भेटीत विचारा. मला कुणी विचारले नाही आणि मी लाजेने बोलले नाही. पुढे कळले की सल्फासालाझिन नावाचे जुने, स्वस्त औषध आहे. सल्फाची ॲलर्जी नसेल तर ते अनेकांना चालते. माझ्या गोळ्या कापण्याआधी ते विचारायला हवे होते.

येत्या भेटीसाठी मी कागदावर सात प्रश्न लिहून ठेवले आहेत. या वेळी पैशाचा पहिला आहे.

कृपया नाव छापू नये. कचेरीत मी दाराजवळचेच टेबल का मागून घेतले, हे अजून कुणाला ठाऊक नाही.

आपली,
एक वाचक