गांधीलमाश्यांचं पोळं काढून देणाऱ्या काकांचे जाहीर आभार

काका, सप्रेम नमस्कार.

सहकारनगरात तळजाईच्या पायथ्याशी असलेल्या काही इमारतींची देखभाल आम्ही पाहतो. त्यांतल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, एसीच्या पाइपसाठी पाडलेल्या भोकाआड वाढलेलं पोळं तुम्ही आणि तुमच्या साथीदारांनी काढलंत. आभार फोनवरही मानता आले असते. पण तुमची कामाची रीत शेजारपाजारच्या सोसायट्यांना कळावी असं मनापासून वाटलं, म्हणून हे जाहीर पत्र.

अवजारांची पेटी उघडण्याआधी तुम्ही माशी नीट पाहून घेतलीत, याचे पहिले आभार. लोक भिंतीवरच्या प्रत्येक घरट्याला गांधीलमाशीचं म्हणतात आणि तिथेच उपाय चुकतो. छज्जाखाली मातीचे बुधले चिकटवणारी कुंभारीण एकटी राहते, झुंडीने अंगावर येत नाही. तिच्यावर औषध मारायची गरजच नसते. खिडकीच्या ग्रिलला देठाने लटकलेली उघडी, छत्रीसारखी पोळी लहान कागदी माश्यांची. येण्याजाण्याची वाट नसेल तर तीही राहू द्यावीत. खरी गांधीलमाशी अंगाने मोठी, काळी आणि पोटावर पिवळा रुंद पट्टा असलेली, नाहीतर तांबूस तपकिरी आणि पिवळ्या पट्ट्यांची. ती लाकूड चावून केलेल्या लगद्याचं पोळं भिंतीच्या पोकळीत, शटरच्या पेटीत, जमिनीतल्या बिळात बांधते.

पलीकडच्या इमारतीत स्लॅबखाली एकच मोठा पडदा लोंबत होता, माश्यांनी पूर्ण झाकलेला. ते आग्या मोहोळ आहे, त्यावर विष मारणार नाही, असं तुम्ही स्पष्ट सांगितलंत. मिळणारे पैसे सोडून असं सांगणं सोपं नाही. या मधमाश्या हंगामाप्रमाणे येतात आणि निघूनही जातात. तोवर खिडक्या लावून घ्याव्यात, रात्री त्या बाजूचे दिवे बंद ठेवावेत आणि अगदीच अडचण असेल तर मधमाश्यांचा जाणकार बोलवावा. गणेशखिंड रस्त्यावरच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत चौकशी करा, हेही तुम्हीच सुचवलंत.

आता मुख्य गोष्ट. पोळ्याचं भोक दिसलं की माणसाचा पहिला विचार ते बुजवण्याचा. कुणी सिमेंट लिंपतं, कुणी फोम भरतं, कुणी चिंध्या कोंबतं. वस्ती जिवंत असताना वाट बंद झाली की माश्या दुसरी वाट करतात, आणि जिप्समचं फॉल्स सीलिंग किंवा आतला पातळ गिलावा त्यांच्या जबड्यांपुढे टिकत नाही. मग त्या थेट झोपायच्या खोलीत उतरतात. तुम्ही आतल्या भिंतीला कान लावून खरखर ऐकलीत, सीलिंगवरचा ओलसर डाग दाखवलात आणि त्या खोलीचं दार खालच्या फटीसकट बंद करायला लावलंत. तोवर हा धोका आतल्या बाजूला आहे हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. बाहेर पाच-सहा मीटर अंतरावर, माश्यांच्या उडण्याच्या रेषेतून बाजूला उभं राहून तुम्ही येजा पाहिलीत आणि स्लीव्हच्या (भोकात पाइपसाठी बसवलेल्या नळीच्या) वर, छज्जाच्या सांध्यात दुसरं तोंड शोधलंत. एकाच तोंडावर काम झालं असतं तर निम्मी वस्ती मागच्या दाराने बाहेर आली असती.

अंधार पडल्यावरच काम का, हेही आता सगळ्यांना कळलं आहे. दिवसा बऱ्याच माश्या बाहेर असतात आणि परतल्या की माणसावर तुटून पडतात. रात्री वस्ती आत असते. बॅटरीच्या पांढऱ्या उजेडाकडे त्या झेपावतात. लाल प्रकाश त्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणून तुमच्या बॅटऱ्यांवर लाल कागद. त्या बाजूच्या सगळ्या घरांचे आणि जिन्यातले दिवे बंद, कपडे आत, पाण्याच्या टाक्यांची झाकणं लावलेली, फिशटँक झाकून त्याचा हवेचा पंप बंद. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं टाकीतल्या माशांना फार घातक असतात, ही शेवटची सूचना बहुतेक जण देतच नाहीत.

औषध पातळ करून फवारलं तर पोळ्याचं बाहेरचं वेष्टण भिजतं, आतले थर कोरडे राहतात. तुम्ही हाताच्या फुग्याने दोन्ही तोंडांत कोरडी पावडर थोडी थोडी फुंकलीत. ढीग टाकला तर माश्या त्याला टाळतात. पातळ थर असला तर येताजाता अंगाला लावून त्याच आत नेतात. शिडीवर चढलेल्या माणसाचा पट्टा पाइपला न बांधता गच्चीच्या कॉलमला बांधला होता. बाह्या हातमोज्यांत खोचून वर टेप, पँट गमबुटाच्या वर, जाळी चेहऱ्यापासून लांब. कीटकनाशक कायदा १९६८ खालचा परवाना आणि औषधाचं लेबल तुम्ही न विचारता दाखवलंत, त्यामुळे ज्येष्ठ मंडळींचीही काळजी मिटली. रॉकेलचा टेंभा लावणारे अजून भेटतात. एसीच्या पाइपवरचं आवरण, वायरी आणि शेजारून गेलेली गॅसची लाइन पाहता तो विचारही नको.

पुढचे दोन दिवस दोन्ही तोंडं उघडी ठेवायला लावलीत. बाहेर राहिलेल्या माश्या सकाळी परततात आणि त्यांनाही पावडर लागते. येजा पूर्ण थांबल्यावर तुम्ही पोळं कापून जाड पिशवीत भरलंत. ते आत ठेवलं असतं तर झाकलेल्या कोषांतून नव्या माश्या निघाल्या असत्या, मेलेल्या अळ्यांचा वास सुटला असता आणि मुंग्या लागल्या असत्या.

बुजवण्याचं काम तर आमच्या गवंड्यांनाही दाखवण्याजोगं झालं. स्लीव्हभोवती आधी स्टेनलेस स्टीलची तीन मिलिमीटर भोकांची जाळी, मग एकास तीन सिमेंट-वाळू, पाइपभोवतीच्या कडेला सिलिकॉन. नुसता फोम त्या पोखरतात. पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रं मात्र बुजवायची नाहीत, त्यांना फक्त जाळी. मीटरपेटी, डक्टची दारं, दुकानांच्या रोलिंग शटरची पेटी, एक्झॉस्ट फॅनची मोडकी झडप, हे सगळं तुम्ही फिरून खडूने खुणा करून दिलंत. उन्हाळ्यात राणी एकटीच लहानसं पोळं सुरू करते. तेव्हा ते काढणं सोपं. पावसाळा सरता सरता वस्ती भरात येते आणि मग तुमच्यासारख्यांनाच बोलवावं लागतं. म्हणून होळीपासून मृगापर्यंत दर पंधरवड्याला छज्जे आणि डक्ट पाहायचे असं ठरलं आहे. ओल्या कचऱ्याचे डबे झाकणाचे झाले. पिकलेली फळं आणि मासळीचा कचरा त्यांना ओढून आणतो.

तुम्ही सांगितलेल्या सूचना वॉचमनच्या केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत लावल्या आहेत. माशी अंगावर बसली तर चिरडू नये, चिरडलेल्या माशीच्या वासाने बाकीच्या चवताळतात. गांधीलमाशीची नांगी सहसा अंगात राहत नाही, त्यामुळे एकच माशी अनेकदा डसू शकते. थांबू नये, तोंड झाकून घरात जावं. डंखाच्या जागी थंड पट्टी ठेवावी आणि हाताला डंख असेल तर अंगठी, बांगड्या लगेच काढाव्यात. ओठ किंवा घसा सुजला, दम लागला, अंगभर पित्त उठलं, चक्कर आली तर वाट न पाहता १०८ ला फोन. खूप डंख बसले असतील तर माणूस बरा दिसला तरी रुग्णालयात न्यावं, आणि लघवी लालसर किंवा काळपट झाली तर डॉक्टरांना लगेच सांगावं, कारण मूत्रपिंडाला इजा झालेली असू शकते.

काका, उंचीवर, अंधारात, जाड कपड्यांत घामाघूम होऊन तुम्ही लोकांनी हे केलंत आणि प्रत्येक प्रश्नाला शांतपणे उत्तर दिलंत. खडूच्या खुणांपैकी डक्टच्या दोन जागा अजून राहिल्या आहेत. उरलेली जाळी मीटररूममध्ये आहे, गवंडी येत्या आठवड्यात लावेल. बसवून झाल्यावर एकदा नजर टाकून जा, चहा आमच्याकडे.

आपले कृतज्ञ,
देखभाल समिती, सहकारनगर, पुणे