घर बदलतोय, गाव नाही

प्रिय आई-बाबा,

समोरासमोर बोलले असते तर आईच्या डोळ्यांत पाणी आलं असतं आणि मी पुन्हा "दिवाळीनंतर बघू" म्हणाले असते. म्हणून लिहितेय. इथे नाशिकातच, गंगापूर रोडला दोन खोल्यांची जागा भाड्याने घेतली आहे. एक तारखेपासून मी आणि तुमचा नातू ईशान तिथे राहू.

तुमचं काही चुकलं म्हणून जातोय असं कृपा करून मनात आणू नका. त्या वर्षी तुम्ही दार उघडलंत आणि एक प्रश्न विचारला नाहीत, ते मी विसरेन का? उलट या घरात सगळं आयतं मिळतं, अडचण तीच आहे. तो उठायच्या आत दूध तापलेलं असतं. भाजीतली टोमॅटोची सालं आई न सांगता वेचून देते. डॉक्टर प्रश्न त्याला विचारतात आणि उत्तर आपण तिघं देतो. सतरा वर्षांचा झाला तो. गणितात त्याचा हात कुणी धरणार नाही, पण गॅस बंद करून, कुलूप लावून बाहेर पडणं अजून वहीतली यादी बघूनच जमतं. आणि यादी पुरी व्हायच्या आत आपल्यापैकी कुणीतरी गॅस बंद करून मोकळं होतं.

सगळे म्हणतात, त्याचा ऑटिझम सौम्य आहे. म्हणजे बाहेरच्यांना कमी दिसतो, इतकंच. दिवसभर कॉलेजात चारचौघांसारखं वागून आल्यावर तो खोलीत अंधार करून का पडतो, ते तुम्हीच पाहिलंय. त्यात आपलं घर घाटाजवळ. कर्णे, ढोल, रंगपंचमीला रहाडीकडे, त्या रंगाच्या हौदाकडे लोटणारी गर्दी, आणि आता सिंहस्थ तोंडावर.

बाबा, "आमच्यामागे त्याचं कोण" ही तुमची धास्ती मला कळते. पण अठरा पूर्ण झाली की लगेच पालकत्वाचे कागद करायचे, हा हट्ट सोडा. राष्ट्रीय न्यासाच्या 1999च्या कायद्यात तशी सोय आहे, पण ती ज्याला गरज आहे त्याच्यासाठी. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्याला इतरांसारखाच स्वतःच्या पैशांचा, सहीचा हक्क दिलाय. अडलंच तर मर्यादित पालकत्व, म्हणजे तेवढ्या एका निर्णयापुरतं, तेही त्याच्याशी बोलून ठरवायचं. दहावीला ताशी 20 मिनिटं जादा मिळाली आणि पेपर त्याने एकट्याने सोडवले. बँकेतही तो सावकाश सही करेल, मागचे लोक थांबतील.

पाचवीत मला निमाणी स्टँडवर एकटीला बसमध्ये बसवलंत आणि मागून सायकल मारत आलात, आठवतं? मी खिडकीतून बघितलं होतं. बोलले नाही कधी, पण त्या दिवशी मला जराही भीती वाटली नाही. आता ईशान सिटीलिंक बसने जातो आणि मागे स्कूटरवर मी असते. खिशात चिठ्ठी: गाडी चुकली तर थांब, पुढची बघ, मग आईला मेसेज कर.

शनिवारी संध्याकाळी येऊ, रविवारी जेवून निघू. पावसाळ्यात गंगापूर धरणाच्या विसर्गाचा क्युसेकचा आकडा वहीत टिपायचा आणि नदीतल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं ते वरूनच बघून यायचं, हे आजोबा-नातवाचं काम तसंच चालू राहील. मावशी धुणंभांडी करायला येतीलच, पगार मी देणार. सिलिंडर, वीजबिल माझ्याकडे.

आता ऐका. आई, माळ्यावर चढायचं नाही, गुडघ्याने एकदा सांगितलंय तेवढं पुरे. बाबांच्या बीपीच्या गोळ्या डबीत सकाळ-रात्र भरून ठेवल्यात. रविवारी मी डबी उघडून बघणार. शेवाळलेल्या पायऱ्यांवर पहाटे उतरायचं नाही. आमच्याकडे येताना आधी फोन करा. सहाला येतो म्हणालात तर सहालाच या. "पाच मिनिटांत पोचतो" म्हटलं की तो घड्याळ धरून दारात उभा राहतो आणि सहाव्या मिनिटाला बिनसतं. पाहुण्यांसमोर त्याला पाया पडायला लावू नका. आई, डबे पाठवू नकोस, निदान पहिला महिना. बरं, गुरुवारी पाठव.

आणि बाबा, घरमालकांना फोन करून डिपॉझिट परत मागू नका. करार झालाय. सही करण्याआधी ईशानने तो अक्षर न् अक्षर वाचला आणि त्यातल्या दोन चुका दुरुस्त करून घेतल्या.

तुमची,
मनू