आमच्या पोस्टमास्तर काकांना, आयर्न मेडनच्या एका चाहत्याकडून

काका, सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात ग्रामपंचायतीच्या पटांगणात तुमचा सत्कार झाला. बोलणारे पुष्कळ होते. कुणी पुण्याच्या पोराच्या मनीऑर्डरी आठवल्या, कुणी भरतीचा कॉल तुम्ही रात्री कंदील घेऊन घरी आणून दिल्याचं सांगितलं. माझ्या हातात माईक आला तेव्हा मी एवढंच म्हणालो की काकांनी मला लय मदत केली, आणि खाली बसलो. मला सांगायचं होतं ते आयर्न मेडन नावाच्या एका विलायती रॉक बँडबद्दल होतं. कुठून सुरू करावं ते कळेना, आणि गळाही दाटून आला होता. म्हणून आता हे लिहितो आहे. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. कारंजा-दारव्हा पट्ट्यातलं आपलं गाव ज्यांना ठाऊक आहे, ते ओळखतील.

मेडन मला भेटलं २००३ साली, अमरावतीच्या हॉस्टेलवर. एका मित्राकडे ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ची कॅसेट होती. गायक ब्रूस डिकिन्सन आणि गिटारवाला एड्रियन स्मिथ बँडमध्ये परत आल्यानंतरचा तो पहिला अल्बम, २००० सालचा. सुटीत ती कॅसेट मी घरी आणली आणि परत दिलीच नाही. तेव्हा गावात दिवसाचे बारा-बारा तास भारनियमन. टेपरेकॉर्डर सेलवर चालायचा. सेल उतरले की दुपारभर घराच्या धाब्यावर उन्हात ठेवायचे, म्हणजे रात्री अजून दोन गाणी निघत. पण बँडची बातमी कुठून मिळणार? कुठे वाजवतात, नवीन काय काढलं, गाण्यात म्हणतात काय, हे सांगणारं गावात कोणी नव्हतं. इंटरनेट कॅफे कारंज्याला, तासाचे पैसे मोजायचे, आणि त्यातला अर्धा वेळ पान उघडण्यात जायचा.

‘रॉक स्ट्रीट जर्नल’ची वर्गणी भरायला तुमच्या ओसरीवरच्या पोस्टात आलो, तो दिवस मला लख्ख आठवतो. १९९३ मध्ये अमित सैगल यांनी अलाहाबादेत सुरू केलेलं हे मासिक. तुम्ही फॉर्म हातात घेऊन विचारलं, “अलाहाबादेले तं लोक अस्थी घेऊन जाते. तिथून गाण्याचं पुस्तक बी निंगते?” मग फॉर्म तुम्हीच भरला, आणि खालची संदेशाची जागा दाखवून म्हणालात, “इथं लिही, अंक पावसात भिजू देऊ नका. पैसा तेवढाच लागते.” त्यांनी ते वाचलं की नाही, देव जाणे. पण श्रावणात अंक आला तो खताच्या पोत्याच्या आतल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला होता, आणि ती गुंडाळी तुमची होती. पुढे दर पावसाळ्यात तसंच होत राहिलं.

मग एडीचं प्रकरण झालं. एडी म्हणजे मेडनच्या मुखपृष्ठांवरचा तो हाडं-कवटीचा प्राणी, डेरेक रिग्ज नावाच्या चित्रकाराने काढलेला. एका अंकात त्याचं पानभर चित्र आलं. आजीने ते पाहिलं आणि घरात भूत आणलं म्हणून आकांत केला. बाबा अंक चुलीत घालायला निघाले होते. तुम्ही योगायोगाने दारात होता. चित्र हातात घेतलं, नीट न्याहाळलं आणि बाबांना म्हणालात, “भाऊ, हे सोंग हाय. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपून मारबत काढतो ना, तसंच. ते लोक हे स्टेजवर फिरवते.” आजी लगेच म्हणाली, “मंग गावाभाईर नेऊन जाळते काय?” तुम्ही ठामपणे हो म्हणालात. ते खरं नव्हतं, पण त्या दिवसापासून आमच्या घरात एडीला कुणी भूत म्हटलं नाही. आजी शेवटपर्यंत त्याला ‘तुही मारबत’ म्हणायची.

मेडनच्या एडीचा मोठा पुतळा खरंच स्टेजवर येतो, हे तुम्हाला माझ्याकडूनच कळलं होतं. पण तुम्ही ते लक्षात ठेवलं होतं, काका. मी सांगितलेलं सगळंच तुम्ही लक्षात ठेवायचे. अंक द्यायला यायचे आणि सायकल बाभळीला टेकवून विचारायचे, “काय म्हंते तुमची पार्टी?” बास गिटारवाला स्टीव्ह हॅरिस हा मालक-माणूस, १९७५ च्या नाताळात त्यानेच हे सगळं उभं केलं, हे तुम्हाला पाठ होतं. ब्रूस स्वतः विमान चालवतो हे कळल्यावर तर तुम्ही त्याला जवळचाच मानला. २००८ च्या दौऱ्यासाठी त्यांनी एक बोइंग ७५७ भाड्याने घेतलं, त्यात माणसंही बसली आणि वाद्यांचं सगळं सामानही चढलं. तुम्ही म्हणालात, “म्हंजे गाणारा बी तोच, डायवर बी तोच, अन थैली बी तोच आणते. मायासारखाच हाय मंग.”

एका गोष्टीसाठी मी तुमचा सगळ्यात जास्त ऋणी आहे. ‘राइम ऑफ द एन्शिएंट मरिनर’ हे त्यांचं तेरा मिनिटांचं गाणं, १९८४ च्या ‘पॉवरस्लेव्ह’मधलं. कोलरिजच्या १७९८ च्या कवितेवर बेतलेलं. त्याचे शब्द मी डिक्शनरी घेऊन महिनाभर लावत होतो. खलाशी एका निरपराध पक्ष्याला मारतो, मग वारा पडतो, जहाज भर समुद्रात अडकतं, चहूकडे पाणी आणि माणसं तहानेने मरतात. ही गोष्ट मी तुम्हाला पऱ्हाटीच्या धुऱ्यावर बसून सांगितली. इंग्रजांची गोष्ट यांना काय कळेल, असं माझ्या मनात होतं. तुम्ही थोडा वेळ गप्प राहिलात आणि म्हणालात, “मायी सासरवाडी दर्यापूरकडची. खारपाणपट्टा. विहीर काठोकाठ भरली तरी घोटभर पेता येत नाही. बायको लहान असतानी कोसभरावरून गोडं पानी आने.”

त्या दिवशी ते गाणं मला पहिल्यांदा कळलं. त्याआधी मला फक्त त्याचे शब्द कळले होते.

१७ मार्च २००७ ला मेडन पहिल्यांदा भारतात आलं, बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर. आम्ही तेव्हा हरभऱ्यात होतो. पैसाही नव्हता आणि बातमी हाती आली ती सगळं होऊन गेल्यावर. मी दोन दिवस नीट जेवलो नाही. तुम्ही म्हणालात, “येतीन ते. अन आले की तू जाशील.” आणि वर्षाच्या आत ते आलेच. १ फेब्रुवारी २००८, मुंबई, वांद्रे-कुर्ला संकुल. जगभरच्या दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम आपल्या महाराष्ट्रात! तिकीट हॉस्टेलच्या त्याच मित्राने काढलं, तो मुंबईला नोकरीला लागला होता. त्याने ते रजिस्टरने पाठवलं आणि मी वाट पाहत बसलो. २८ गेली, २९ गेली, ३० तारीखही गेली. ३१ ला रात्री मूर्तिजापूरहून गाडी धरायची होती. सकाळी मी आशा सोडून कापूस वेचायला गेलो.

त्या दुपारी एसटीतून थैली उतरली तेव्हा तुम्ही जेवत होता. काकूंनी नंतर सांगितलं की ताट तसंच झाकून ठेवलं होतं. तुम्ही थैली फोडली, नोंद केली आणि सायकल घेऊन थेट वावरात आलात. मी पाकीट ओढायला गेलो तर तुम्ही हात मागे घेतला आणि पावतीबुक पुढे केलं. “आंदी सही कर, मंग नाच.” माझ्या बोटांना पऱ्हाटीच्या बोंडांचे ओरखडे होते, सही वेडीवाकडी झाली. तेवढ्यात तुम्ही सांगून टाकलं की पाचच्या गाडीच्या कंडक्टरला तुम्ही निरोप दिला आहे, ती फाट्यावर थांबेल. बाबांना तुम्ही वाटेतच गाठलं होतं. भाकरी, ठेचा आणि तुमचं स्वेटर घेऊन मी निघालो. निघताना तुम्ही एक कोरं पोस्टकार्ड दिलं, त्यावर तुमचा पत्ता आधीच लिहिलेला होता.

कार्यक्रमाबद्दल तुम्हाला मी शंभरदा सांगितलं आहे, तरी एकदा लिहूनही ठेवतो. सुरुवातीला स्टीव्ह हॅरिसची मुलगी लॉरेन हॅरिस गायली. मग अंधार झाला, चर्चिलच्या भाषणाचा आवाज घुमला आणि ‘एसेस हाय’ सुरू झालं. मागे इजिप्तच्या फॅरोंचं मंदिर उभं होतं. माझ्या डावीकडे शिलाँगची पोरं होती, उजवीकडे चाळिशीचे एक गृहस्थ, आणि सगळ्यांना प्रत्येक ओळ पाठ. आपल्या गावात जी गाणी येणारा मी एकटा होतो, ती हजारो माणसं माझ्याबरोबर म्हणत होती. ‘फिअर ऑफ द डार्क’ला तर गिटारची धूनसुद्धा लोक तोंडाने गात होते. अंधाराच्या भीतीचं हे गाणं मी कायम भारनियमनात ऐकलेलं. एवढ्या झगझगीत उजेडात ऐकण्याची ती पहिली वेळ. आणि ‘राइम’च्या मधोमध संगीत थांबतं, नुसती जहाजाची करकर उरते, तेव्हा मला दर्यापूरची विहीर दिसली. खोटं सांगत नाही. मी रडलो.

सकाळी सीएसटीजवळ कार्ड पेटीत टाकलं. “काका, पोचलो. पाहिलं. राइम वाजवलं. विहीर आठवली.” मी गावी आलो, कार्ड माझ्यानंतर आलं. तुम्ही त्यावर रीतसर आपल्या पोस्टाचा शिक्का मारला आणि दरपत्रकाशेजारी भिंतीला लावलं.

पुढे मोबाइल आले, बातम्या मिनिटात कळू लागल्या. तरी मेडनची बातमी तुम्हाला सांगितल्याशिवाय ती खरी वाटायची नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये ब्रूसच्या जिभेच्या मुळाशी कॅन्सरची गाठ निघाल्याचं कळलं. गावातलं कुणी सेवाग्रामला भरती असलं की सगळे विचारतात ना, तसं तुम्ही रोज विचारायचे. एकदा म्हणालात, “तो खर्रा खाते काय?” मी नाही म्हटलं. तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. मे महिन्यात तो बरा झाल्याचं जाहीर झालं, तेव्हा तुम्ही काकूंना आतून हाक मारून बाहेर बोलावलं आणि सांगितलं. त्या उन्हाळ्यात तुमची तंबाखूच्या खर्र्याची पुडी सुटली. काकू आजही त्याचं श्रेय मेडनला देतात.

आणि ड्रमवाला निको मॅकब्रेन. जानेवारी २०२३ मध्ये त्याला झटका आला, उजवी बाजू गेली, तरी मेअखेरीस तो परत स्टेजवर. ७ डिसेंबर २०२४ ला ब्राझीलमध्ये साओ पाउलोला त्याने दौऱ्यांना निरोप दिला. १९८२ पासून बेचाळीस वर्षं. मी सांगितल्यावर तुम्ही बोटं मोजली आणि म्हणालात, “मायापेक्षा चार जास्त.”

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही चार्ज दिला, तेव्हा मी तिथेच होतो. वजनकाटा, शिक्के, तिकिटांचा हिशेब, सगळं नव्या पोरीला मोजून दिलंत. मग भिंतीजवळ गेलात, पिवळं पडलेलं ते कार्ड काढलंत आणि तिला विचारलंत, “हे माया नावचं हाय, नेऊ ना?”

या रविवारी मी गावी येतोय. निकोच्या जागी आता सायमन डॉसन वाजवतो, मे २०२५ मध्ये बुडापेस्टपासून सुरू झालेल्या दौऱ्यातलं त्याचं वाजवणं फोनमध्ये भरून आणतो आहे. स्पीकरही आणतो. तुम्ही ऐका आणि कसं वाटतं ते सांगा. तुमचं स्वेटरही सोबत आणतो आहे, इतकी वर्षं माझ्याकडेच राहिलं. काकूंना सांगा, जेवायलाच येतो, वांग्याची भाजी आणि रोडगे असले तर फार बरं.

तुमचा,
मारबतवाल्या घरचा पोट्टा